बदाम-अक्रोड खाऊन आतली सूज उतरते का?

तुमचा प्रश्न असा: वजन वाढलंय, एचएस-सीआरपी (रक्तातून शरीरातली सूज मोजणारी तपासणी) ३च्या वर आला, डॉक्टर म्हणाले शरीरात सौम्य सूज आहे; तर रोज सुकामेवा खाऊन पोटातले चांगले जीवाणू वाढतील आणि ही सूज उतरेल का?

जीवाणूंवर परिणाम होतो. सीआरपीचं मात्र नक्की सांगता येत नाही. काही अभ्यासांत तो थोडा उतरला, काहींत हललाच नाही. म्हणून फक्त बदामांवर भिस्त ठेवू नका.

पोटावरच्या चरबीच्या पेशी फुगल्या की तिथे मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी जमतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असे सूज वाढवणारे पदार्थ सोडतात. आयएल-६मुळे यकृत सीआरपी बनवतं. म्हणजे सुजेची पहिली वाट कमरेच्या घेरातून. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. दुसरी वाट आतड्यातून जाते: आहारात तंतू (फायबर) कमी आणि तळलेलं जास्त असेल तर आतड्याचं अस्तर कमकुवत होऊ शकतं आणि जीवाणूंच्या आवरणातलं एलपीएस नावाचं द्रव्य रक्तात झिरपून सूज पेटती ठेवतं.

सुकामेव्याचा उपयोग या दुसऱ्या वाटेवर. बदामाच्या पेशींच्या भिंती चावूनही पूर्ण फुटत नाहीत, त्यामुळे तंतू, सालीतली पॉलिफेनॉल्स ही वनस्पतीजन्य द्रव्यं आणि थोडी चरबीसुद्धा न पचता मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जीवाणू तंतूंपासून ब्यूटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आणि अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन तेच. २०१८च्या एका अमेरिकन अभ्यासात ३ आठवडे रोज ४२ ग्रॅम अक्रोड खाल्ल्यावर फिकॅलिबॅक्टेरियम आणि रोझबुरिया हे ब्यूटिरेट बनवणारे जीवाणू वाढले. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या २०२२च्या अभ्यासात रोज ५६ ग्रॅम बदामांनी ब्यूटिरेट वाढलं, पण जीवाणूंच्या एकूण रचनेत फारसा फरक पडला नाही.

आता खायचं कसं. लक्ष्य रोज ३० ग्रॅम: साधारण १२ बदाम आणि अक्रोडाचे ७-८ अर्धे तुकडे. एकदा वजनकाट्यावर मोजून वाटी ठरवून घ्या, कारण मूठ प्रत्येकाची वेगळी. पहिला आठवडा १० ग्रॅम, दुसरा २०, मग ३०. एकदम ५० ग्रॅमवर उडी मारली की गॅस होतो, पोट फुगतं, आणि माणूस ‘मला सोसत नाही’ म्हणून सोडून देतो. आतडं नाजूक असेल तर काजू-पिस्ते टाळा. त्यातल्या काही साखरा आतड्यात जास्त आंबतात.

बदाम भिजवा हवं तर, पण साल काढू नका. घराघरांत सोलून खायची सवय आहे, आणि नेमका जीवाणूंच्या कामाचा भाग कचऱ्यात जातो. अख्खे कच्चे बदाम चावून खाल्ले तर पाकिटावर लिहिलेल्या उष्मांकापेक्षा जवळपास पाव भाग कमी उष्मांक अंगी लागतात; बदामाचं लोणी केलं की हा फायदा जवळजवळ संपतो. खजूर-काजूचे लाडू ‘बिनसाखरेचे’ म्हणून खाऊ नका, खजुरात साखर भरपूर असते.

आणि हे ३० ग्रॅम कशाच्या तरी बदली हवेत. ऑफिस सुटल्यावर लोकलमधून उतरताना स्टेशनबाहेर वडापाव किंवा फरसाण होतं ना, तिथेच ही डबी उघडा. जेवण-नाश्ता तसाच ठेवून वर भर घातली तर रोज पावणेदोनशेच्या आसपास उष्मांक वाढतात, आणि घेर वाढला तर सूजही वाढणार.

बजेट कमी असेल तर भाजलेले शेंगदाणे घ्या. शेंगदाणा शास्त्रीयदृष्ट्या कडधान्य, पण चरबी आणि तंतू जवळपास तसेच. फक्त मुंबईच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी लवकर धरते. सुरकुतलेले, काळे-हिरवट दाणे निवडून टाका, कडू लागला तर थुंका. बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, भाजल्याने पूर्ण जात नाही. कूट आठवड्यापुरताच करा. मशीद बंदर किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून किलोने आणलात तर हवाबंद डब्यात फ्रीजमध्येच ठेवा. अक्रोड सगळ्यात आधी खवट होतात.

अ‍ॅलर्जी असेल तर यातलं काही करू नका. किडनी स्टोन होऊन गेला असेल तर बदामांतल्या ऑक्झॅलेटबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.

सीआरपी पुन्हा तपासताना ताप, सर्दी किंवा दाढदुखी जाऊन किमान २ आठवडे झालेले असू द्या. आकडा १०च्या वर आला तर तो बहुधा संसर्गाचा असतो, लठ्ठपणाचा नव्हे. तो डॉक्टरांना दाखवा आणि बरं झाल्यावर पुन्हा तपासा. पुढची तपासणी ३ महिन्यांनी, आणि त्याच दिवशी टेपने कंबरही मोजा.