रंजका फुगतो कशाने?

प्रश्न : ओल्या लाल मिरचीचा रंजका दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास करते. मीठ सढळ घालते, तरी महिन्याभरात वर पांढरा थर धरतो. यंदा तर बरणीचं झाकणच फुगलं. कैरीचं लोणचं मात्र वर्षभर टिकतं. असं का? (निपाणी)

उत्तर : कैरी मुळात आंबट, मिरची नाही. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात. आकडा जितका लहान, तितकं आंबट. कैरी ३च्या आसपास असते, पिकलेली मिरची ५च्या आगेमागे. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचं विष तयार करणारा जंतू ४.६च्या खाली वाढत नाही, म्हणून मिरची ४ किंवा त्याखाली आणायची. आम्ल जंतूच्या पेशीत शिरतं आणि आतही आंबट करतं. ते बाहेर ढकलण्यातच जंतूची ताकद संपते, वाढ खुंटते. मीठ पाणी बांधून ठेवतं, पण एकट्या मिठावर रंजका टिकवायचा तर भाकरीशी खाता येणार नाही इतकं घालावं लागेल.

एक किलो मिरची धुऊन, पुसून, सावलीत कापडावर पूर्ण सुकवा, मगच देठ काढा. आधी काढले तर धुताना पाणी आत शिरतं. २०० ग्रॅम मीठ आणि पाव लिटर लिंबूरस घ्या. वाटताना घट्ट वाटलं तर आणखी रसच घाला, पाणी नको. चिंच वापरायची असेल तर कोळ आटवून घ्या. पण चिंचेचा आंबटपणा झाडागणिक बदलतो, तेव्हा मोजल्याशिवाय भरवसा ठेवू नका. तिखटामिठापुढे जिभेला आंबटाचा अंदाज येत नाही. पीएच पट्टी घ्या, ३ ते ६ मधले बारीक टप्पे दाखवणारी. रसाचा थेंब एका बाजूने लावून रंग उलट्या बाजूने बघा, नाहीतर मिरचीचाच लाल रंग वाचाल. चार दिवसांनी पुन्हा मोजा, कारण मिरचीतला रस सुटला की आकडा वर सरकतो. ४च्या वर गेला तर लिंबू वाढवा.

पांढरा थर म्हणजे बुरशी किंवा यीस्ट. त्यांना आंबट चालतं, फक्त हवा लागते. शिवाय ती आम्लच खातात, म्हणून खालचा रंजकाही कमी आंबट होत जातो. वरचा थर काढून खालचं वापरणं म्हणूनच चूक. बरणी गळ्यापर्यंत भरा, वर तेलाचा थर ठेवा. फुगलेल्या बरणीतलं चाखूनसुद्धा बघू नका, टाकून द्या. भांडं चिनी मातीचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियम आम्लाने खाल्लं जातं.

प्रश्न : सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवला तर चालेल ना? (खानापूर)

उत्तर : नाही. लसूण फारसा आंबट नसतो, आणि तेल हवा अडवतं. वर सांगितलेल्या जंतूला नेमकी अशीच जागा लागते. वास, रंग, चव काहीच बदलत नाही, हा खरा धोका. लसूण आधी व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडवा (बाटलीवर किमान ४ टक्के ॲसेटिक आम्ल लिहिलेलं हवं, त्यात पाणी घालू नका) आणि फ्रिजमध्येच ठेवा.