स्त्री अभ्यासात एमए करू का?

प्रश्न : ताई, मी बीए सोशिऑलॉजीच्या लास्ट इयरला आहे. पुढे स्त्री अभ्यासात एमए करायचंय पण घरी म्हणतात असल्या विषयाला नोकरी कोण देणार. कॉलेजचे सर म्हणाले तिथं सगळं इंग्लिशमध्येच असतं, तुला झेपणार नाही. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घरच्यांची काळजी खोटी नाहीये गं. नेटला, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षेला, स्त्री अभ्यास हा वेगळा विषय आहे, म्हणजे पात्रता मिळते, पण कॉलेजांच्या जाहिरातीत या विषयाची जागाच क्वचित निघते आणि सोशिऑलॉजीच्या जागेला गेलीस तर विचारणार की एमए त्याच विषयात आहे का. हे बदलायलाच पाहिजे, जाहिरातीतच संलग्न विषय म्हणून मान्यता द्यायला काय हरकत आहे?

आणि स्त्री अभ्यास हे काही आत्ताचं फॅड नाही. १९७४ साली देशातल्या बायकांच्या स्थितीवरचा सरकारी समितीचा अहवाल आला, दर हजार पुरुषांमागे बायकांची संख्या घटत चाललीय हे त्यात स्पष्ट दिसलं, त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाईंनी स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं आणि १९८१ ला या विषयाची पहिली राष्ट्रीय परिषद तिथेच भरली. एवढा जुना विषय, तरी विद्यापीठांतली कितीतरी स्त्री अभ्यास केंद्रं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) योजनेच्या पैशावर चालत आली, २०१७ ला बारावी पंचवार्षिक योजना संपली तेव्हा पुढे अनुदान येणार की नाही याचीच धाकधूक होती. पैशाची खात्री नसली की शिक्षक कंत्राटावर घेतात, आणि कंत्राटी बाई वर्षा-दोन वर्षांत जाणार असेल तर मुलींचं संशोधन कोण बघणार, सांग ना. मला तर हीच सगळ्यात मोठी अडचण वाटते.

इंग्लिशचं म्हणशील तर वाचावं लागतंच. पण पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगेंनी मराठीतून शिकवणं, मराठीत साहित्य तयार करणं मनावर घेतलं होतं, दलित बायकांच्या आत्मकथनांकडे ज्ञान म्हणून बघायला शिकवलं. असं काम प्रत्येक विद्यापीठात व्हायला हवं, नाहीतर गावाकडच्या मुली बाहेरच राहतात. झेपणार नाही हे सरांनी ठरवायचं नाही.

अॅडमिशनआधी विभागात जाऊन विचार : कायम शिक्षक किती, पेपर मराठीत लिहिता येतो का, फिल्डवर्क असतं का. कायम शिक्षक एकही नसेल तर तिथं जाऊ नकोस. आणि घर लगेच तुझ्या पगारावर चालणार असेल तर एमए सोशिऑलॉजीत कर, पेपर आणि प्रबंध मात्र स्त्रीप्रश्नावरच घे.