गॅलरीतली काळी, चिकट झालेली शहाबादी फरशी ॲसिड न वापरता कशी साफ करावी? प्रेशरचं मशीन चालेल का?

तुम्ही विचारण्याआधीच ॲसिड ओतलं नाही, हे फार बरं केलंत. मी लातूरला राहते. आमच्या गॅलरीचीही अशीच गत होती: रस्त्याची धूळ, कुंड्यांखालचे डाग, कबुतरांची घाण, सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ. रंगकामाला आलेल्या एका कामगाराने न विचारता तिच्यावर ॲसिड ओतलं. फसफस फेस आला, वाफेने डोळे चुरचुरले आणि फरशी स्वच्छ झाल्यासारखी वाटली. वाळल्यावर बघितलं तर मूळचा काळसर निळा रंग जाऊन ती पांढुरकी पडली होती. हात फिरवला तर खडूसारखी खरखर लागे. दोन महिन्यांत ती आधीपेक्षा काळी झाली, कारण खरखरीत दगडात धूळ रुतून बसते. दरजांतलं सिमेंटही ठिसूळ झालं आणि त्या पावसाळ्यात खालच्यांच्या छताला ओल आली.

शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून त्याला नाव पडलं. निजामाच्या राज्यात तो मुलूख आणि मराठवाडा एकाच संस्थानात होते, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत ओट्यापासून न्हाणीपर्यंत हीच फरशी दिसते. चुनखडी ॲसिडमध्ये विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तोच तो फेस. आपण मळ निघाला म्हणून खूश होतो, पण निघत असतो दगड. कोटा फरशीचंही तसंच, तीही चुनखडीच.

म्हणून लिंबू आणि व्हिनेगरही नको. घरगुती असलं तरी तेही आम्लच, फक्त सावकाश खातं. खात्री करायची तर कपाटामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी लिंबाचा एक थेंब टाका आणि वाकून बघा. थेंबाच्या कडेने मोहरीहून बारीक बुडबुडे उठतील. लगेच ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता मी काय करते ते सांगते. आधी कोरडा खराटा मारून धूळ आणि माती पूर्ण काढायची. ही पायरी गाळली तर पाणी पडताच तिचा चिखल होतो आणि आपण तोच चिखल घासत बसतो. कबुतरांची घाण मात्र कोरडी खरवडू नका, तिची पूड श्वासात जाते आणि ती फुप्फुसांना वाईट. तोंडाला रुमाल बांधा, घाणीवर ओलं फडकं अर्धा तास टाकून ठेवा, मग उचला.

मग अर्धी बादली कोमट पाणी आणि त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा. किराणा दुकानात मिळतो तो, खायचा सोडा नव्हे. चिकटपणा हा बहुतेक तेलकट असतो, स्वयंपाकघराच्या धुराचा आणि गाड्यांच्या काजळीचा, आणि सोडा तो सैल करतो. हातमोजे घाला, हाताची कातडी कोरडी पडते. एका वेळी दोन-तीनच फरश्या भिजवा आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं थांबा. सगळं काम या थांबण्यात आहे. फरशी वाळू देऊ नका, म्हणून हे सकाळी ऊन यायच्या आत करायचं. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये नऊनंतर पाणी टिकत नाही. नंतर काथ्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने गोल गोल घासा. तारेची घासणी नको, तिचे कण दगडात राहून गंजाचे ठिपके पडतात. पहिल्याच हाताला काळा फेस येतो, तो वायपरने ओढून फडक्याने टिपून घ्या, नाहीतर पन्हाळीतून खालच्यांच्या दोरीवरच्या कपड्यांवर जाईल. शेवटी साध्या पाण्याने दोनदा पुसा, सोडा राहिला तर पांढरे पट्टे उठतात.

प्रेशरच्या मशीनबद्दल विचारलंत. माझं मत विरोधात आहे. जोराच्या धारेने दरजा उघड्या पडतात, आणि पाणीही फार जातं. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं; तेव्हापासून गॅलरीसाठी नळ सोडायला माझा हात धजत नाही. कपड्यांच्या मशीनचं शेवटचं खळबळलेलं पाणी बादलीत धरते, पहिलं घासणं त्यातच होतं.

दिवाळीच्या पणत्यांचे तेलाचे डाग घासून जात नाहीत. मुलतानी माती सोड्याच्या पाण्यात दाट कालवून डागावर बोटभर थापा, वर प्लॅस्टिक, रात्रभर तसंच. सकाळी प्लॅस्टिक काढून माती पूर्ण वाळू द्या, वाळताना ती तेल ओढून घेते. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं.

कुंड्यांखालचे पांढरे कडे ही मात्र अवघड गोष्ट आहे. बोरच्या जड पाण्यातला तो चुना, आणि फरशीही चुन्याचीच. एकाला विरघळवेल ते दुसऱ्याला सोडणार नाही. तिथे कोरड्या ब्रशने जेवढं निघेल तेवढंच काढा. दरजांतून फुलणारा पांढरा क्षारही कोरडाच झाडा, पाण्याने धुतला तर विरघळून परत दगडात मुरतो.

शेवाळाला पातळ ब्लीच वापरणारे आहेत. मी वापरत नाही, झाडांची मुळं जवळ असतात. वापरलंत तर घरात शिल्लक असलेल्या ॲसिडशी त्याची गाठ कधी पडू देऊ नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद गॅलरीत तो जिवावर बेततो. मी शेवाळ लाकडी उलथन्याने खरवडते आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवते, खालून वारा खेळला की ते परत धरत नाही. हे मृगाच्या आधी उरकून घ्या, एकदा पाऊस लागला की तो कोपरा दिवाळीपर्यंत वाळत नाही.