दारू अचानक सुटल्यावर होणारा त्रास साध्या एमबीबीएस डॉक्टरला ओळखता येतो का?

येतो, पण वॉर्डात कुणी दाखवला असेल तरच. तो शिकवतात मानसोपचारात आणि पेशंट झोपलेला असतो हाडांच्या वॉर्डात, सगळा घोळ इथे आहे.

मी नाशिकला ऑर्थो वॉर्डात सिस्टर होते. निफाडकडचा एक द्राक्ष बागायतदार रात्री मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडून आला. दुसऱ्या दिवशी दुपारी हात थरथरायला लागले, दरदरून घाम, नाडी शंभराच्या वर. संध्याकाळी तो चादरीवरचे किडे झटकत होता, किडे नव्हतेच. ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, दुखतंय म्हणून करतोय, हात बांधा. केसपेपरवर ‘दारू : कधीतरी’ लिहिलेलं, कारण विचारलं होतं सासऱ्यांसमोर. मी बायकोला बाहेर घेतलं. “वहिनी, भाऊ रोज किती घेतात?” ती म्हणाली, “सिस्टर, सकाळी चहाच्या आधी लागते त्यांना.”

मी लगेच सांगितलं. उत्तर आलं, “डायग्नोसिस मी करतो.” पहाटे त्याला फिटचा झटका आला. मग फिजिशियन धावत आले, लोराझेपाम हे झटका थांबवणारं औषध शिरेतून दिलं आणि लटकवलेली डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेच्या सलाइनची, बाटली पाहून ओरडले, आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं का? नव्हतं दिलं. माणूस वाचला, पण तो झटका टाळता आला असता, हे मी आजही ठामपणे म्हणते.

म्हणून लेक्चर वाढवून काही होणार नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे, त्यांनी इंटर्नच्या लॉगबुकात सीवा-एआरचे, म्हणजे दारू सुटल्यावरचा त्रास गुणांत मोजायचे, तक्ते घालावेत. दहा मुद्दे, 67 पैकी गुण, भरायला पाच मिनिटं. झटके बहुतेक पहिल्या 48 तासांत येतात, डिलिरियम, म्हणजे भान हरपून बरळणं, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. म्हणजे ऑपरेशनची तयारी चालू असते तेव्हाच. आणि तक्ता सिस्टरसोबत भरायला लावा. पेशंटजवळ रात्रभर ती असते, तिचं म्हणणं केसपेपरवर यायलाच हवं, डॉक्टरांना पटो न पटो.

हो, डोक्याला मार, साखर उतरणं, जंतुसंसर्ग यांतही माणूस असाच बरळतो, ते आधी तपासायलाच हवं. बरळणाऱ्या पेशंटला तक्त्यातले प्रश्न विचारून उपयोगही नाही. आणि तुम्ही घरच्या कुणासाठी विचारत असाल, तर रोज पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा.