घोडीची साक्ष तिच्या मुली देतात

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या घोडीला कोणता घोडा लावायचा हे ठरवायला तू केलेला, होणाऱ्या शिंगराचा पाच पिढ्यांचा तक्ता मिळाला. ‘स्पेशल’ या घोडीचं नाव दोन ठिकाणी लाल पेन्सिलीनं गोल करून खाली लिहिलंस, ‘५×५, घोडा ठरला ना?’ म्हणजे ती शिंगराच्या बापाकडूनही पाचव्या पिढीत आणि आईकडूनही पाचव्या. त्याखाली बारीक अक्षरात, ‘तिघांना विचारलं, तिघांनी तीन घोडे सांगितले.’ पहिली ओळ वाचून मला राग आला होता. दुसरी वाचली आणि पत्र लिहायला बसलो.

त्या दोन गोलांकडे बोटानं चालत जा. घोड्याच्या बाजूनं त्याचा बाप गॅलिलिओ, त्याचा बाप सॅडलर्स वेल्स, त्याची आई फेअरी ब्रिज, तिची आई स्पेशल. तुझ्या घोडीच्या बाजूनं तिचा बाप, मग पुन्हा सॅडलर्स वेल्स, फेअरी ब्रिज, स्पेशल. दोन्हीकडून वाट एकाच पोरातून जाते. म्हणजे तू लाइन ब्रीडिंग, एकाच पूर्वजाचं रक्त दोन्हीकडून आणणं, करते आहेस ते सॅडलर्स वेल्सवर, ३×३. त्याची आजी त्याच्या मागून ओढली गेली आहे, इतकंच. आनुवंशशास्त्रज्ञ सेवॉल राइटनं १९२२ साली इनब्रीडिंगचं, म्हणजे नात्यातल्या जोडीचं, गणित मांडलं, त्यात एका वाटेवर तोच प्राणी दोनदा धरत नाहीत. त्या हिशेबानं सॅडलर्स वेल्सचे साधारण तीन टक्के होतात आणि स्पेशलचं वेगळं असं काहीच होत नाही. तू जिला गोल केलंस तिचा या क्रॉसमध्ये स्वतंत्र वाटा नाही.

घोडी दोन बाजूंनी यायची तर दोन वेगळ्या पोरांतून आली पाहिजे. वंशावळींवर लिहिणाऱ्या लिऑन रासमुसेनच्या नावानं घोडीवरच्या इनब्रीडिंगचा जो नियम ओळखला जातो त्यातलीही ही पहिलीच अट, आणि लोक नेमकी तीच विसरतात. पण माझं म्हणणं त्याच्याही पुढचं आहे. ती घोडी या मानाची आहे का, हे तिच्या मुलींना विचार. एका गाजलेल्या मुलाला विचारू नकोस. मुलगा मोठा झाला की श्रेय आईचं की बापाचं, हे सुटत नाही. वेगवेगळ्या घोड्यांपासून झालेल्या दोन-तीन मुली पुढे जाऊन चांगली शिंगरं देतात तेव्हा बाप बदललेला असतो, आई तीच असते. मग श्रेय द्यायला तीच उरते.

अल्महमूद बघ. १९४७ ची घोडी. तिची नताल्मा नेटिव्ह डान्सरपासून झालेली, कॉस्मा कॉस्मिक बॉम्बपासून. बाप दोन, त्यांच्यात सारखं काही नाही. नताल्मानं नॉर्दर्न डान्सर दिला, कॉस्मानं हेलो दिला. पुढे हेलोच्या आणि नताल्माच्या रक्तातून कूप द फोली झाली, अल्महमूदवर ३×३, दोन्हीकडून मुलींमार्फत. तिनं मॅकियाव्हेलियन दिला. डेनहिल नताल्मावर ३×३ आहे, एकीकडून तिचा मुलगा नॉर्दर्न डान्सर, दुसरीकडून तिची मुलगी स्प्रिंग अ‍ॅड्यू. ऑस्ट्रेलियात तो नऊ वेळा अव्वल सायर, म्हणजे पोरांच्या कमाईत पहिला बाप, ठरला. आणखी मागे गेलीस तर अल्महमूदचा बाप महमूद हा मुमताज महलचा नातू, तोही तिच्या मुलीचा मुलगा. मुमताज महलच्या मुलीही बघ. मुमताज बेगम ब्लेनहाइमची, माह महल गेन्सबरोची, रुस्तम महल रुस्तम पाशाची. पहिलीनं नसरुल्ला दिला, दुसरीनं महमूद, तिसरीनं अ‍ॅबरनंट. एका आईच्या तीन मुली, तीन बाप, आणि तिघींची अशी शिंगरं. याला मी साक्ष म्हणतो.

आजच्या काळातला दाखला हवा असेल तर २०१८ चा इंग्लंडमधल्या डर्बीचा विजेता मसार घे. अर्बन सी या घोडीवर ३×४. बापाकडून तिचा मुलगा गॅलिलिओ, आईकडून तिची मुलगी मेलिका. मेलिकाचा बाप लॅमटारा, गॅलिलिओचा सॅडलर्स वेल्स. असा तक्ता पाठवलास तर मीच लाल पेन्सिल घेऊन बसेन.

घोडीचं नाव दोनदा आलं की तिचा एक्स क्रोमोसोम, हे एक लिंग ठरवणारं गुणसूत्र, शिंगरात दुप्पट होतो, असंही कोणीतरी तुझ्या डोक्यात भरवलेलं दिसतंय. घोडी आपला एक्स मुलाला देते हे खरं, पण तो मुलगा तो एक्स फक्त आपल्या मुलींना देतो, मुलांना नाही. स्पेशलचा मुलगा नुरेयेव्ह, त्याची मुलगी मिएस्क, इथे वाट चालू राहते. सॅडलर्स वेल्सकडून गॅलिलिओकडे येताना ती तुटते. शिवाय नर शिंगराला एकच एक्स असतो, आईकडून आलेला. त्याच्यात तो दुप्पट होणार कुठून? मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा देणारे कण, तर आईकडून सगळ्या पोरांना मिळतात, पण पुढे फक्त मुलीच देतात, मुलाशी ती वाट संपते. या सगळ्या गोष्टी शिक, पण घोडा ठरवताना त्यांच्या आधारावर उडी मारू नकोस.

आता माझं ऐक, कारण तुझी चूक मी आधी केली आहे. मी एक क्रॉस केला होता, नताल्मावर म्हणून सगळ्यांना सांगत फिरलो. दोन्हीकडून वाट नॉर्दर्न डान्सरमधूनच होती. घोडीचे पुढचे गुडघे मागे झुकलेले, घोड्याचेही तसेच. मला दिसत होतं. समोरच्या पायांपेक्षा मी कागदावरच्या नावावर विश्वास ठेवला. शिंगरू त्याच गुडघ्यांनी जन्माला आलं आणि एकही शर्यत पळलं नाही. त्याच वर्षी पैशांसाठी मी एक साधी कुमैत घोडी विकली. ती स्वतः कधी जिंकली नव्हती, तिच्या वंशावळीच्या पानावर मोठं नाव नव्हतं. तिच्या दोन मुली मात्र दोन सामान्य घोड्यांपासून झालेल्या, आणि दोघींची शिंगरं मजबूत पायांची, वर्षानुवर्षं पळणारी. साक्ष माझ्याच पागेत उभी होती. गेल्या हंगामात त्या घोडीच्या पणतीला पॅडॉकमध्ये चालताना पाहिलं. मागचा पाय पुढच्याच्या ठशापलीकडे पडत होता, अगदी तिच्या पणजीसारखा. मी तिथून लवकर निघालो.

पोकाहाँटास ही घोडी एकही शर्यत जिंकली नव्हती, तिनं स्टॉकवेल, राटाप्लान आणि किंग टॉम हे गाजलेले घोडे दिले. ला त्रोयेन ही आई म्हणून गाजलेली घोडीही जिंकली नव्हती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पुस्तकातलं ठाऊक असणं वेगळं.

त्यानंतर मुलींची साक्ष नसलेल्या नावासाठी मी एकही घोडी लावली नाही. लिलावात माझ्या इयरलिंगना, म्हणजे वर्षाच्या शिंगरांना, भाव कमी येतो, कारण गिऱ्हाईक बाजारात चालणारा बाप शोधतं. म्हातारा हट्टाला पेटलाय असं लोक म्हणतात. म्हणू देत. माझी शिंगरं चौथ्या-पाचव्या वर्षीही पळतात, आणि त्यांच्या बहिणी मी विकत नाही. मला हे बरोबर वाटतं आणि मरेपर्यंत वाटेल.

जवळच्या नात्याला मी घाबरतो असं मात्र समजू नकोस. मी घाबरतो ते आंधळ्या जवळिकीला. फ्रान्सचा अश्वपालक मार्सेल बुसाक, त्याची घोडी कोरोनेशन तूर्बियों या घोड्यावर २×२ होती. १९४९ ची आर्क ही पॅरिसची मोठी शर्यत जिंकली, आणि तिला एकही शिंगरू झालं नाही. एवढी पळणारी घोडी आणि तिच्या मागे एकही मुलगी नाही. मला ते पान आजही वाचवत नाही.

एका घोडीला वर्षाला एकच शिंगरू होतं, पोटात अकरा महिने. दहा शिंगरांत मुली चार-पाच, त्यातल्या पागेत परत येतात दोन-तीन, आणि त्यांची पोरं पळेपर्यंत दहा-बारा वर्षं जातात. म्हणून ही माहिती कोणी आयती देत नाही. तुझ्या तिघा सल्लागारांनी घोड्यांची नावं सांगितली, कारण घोड्यांची नावं पटकन सांगता येतात.

तर असं कर. तुझ्या घोडीची आजी अजून जिवंत आहे म्हणालीस. तिला किती मुली झाल्या, कोणत्या बापापासून, त्या आता कुठे आहेत आणि त्यांची शिंगरं किती वर्षं पळली, हे एका कागदावर लिही. जमतील तितक्या मुली स्वतः जाऊन बघ, गुडघे आणि नळ्या हातानं तपास, चालवून बघ. जिचं नाव तुला दोनदा आणायचंय तिच्याही मुलींचं असंच पान कर. घाई नको. हा माज रिकामा गेला तरी चालेल, साधारण २१ दिवसांनी घोडी पुन्हा माजावर येईल. दोन्ही कागद घेऊन ये आणि घोड्याचं नाव मला सगळ्यात शेवटी सांग.