अणुविज्ञानात जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी शिक्षकाला काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता, वर्गातल्या तीन-चार जणांना अणुविज्ञानात जायचंय, आणि अभ्यासक्रमांची नावं सांगण्यापलीकडे त्यांच्यासाठी काय करावं ते तुम्हाला कळत नाहीये. मी बरीच वर्षं किरणोत्सारी सोर्स, म्हणजे किरण सोडणारे पदार्थ, हाताळणाऱ्या प्रयोगशाळेत नव्या मुलांना तयार करते. त्यावरून सांगते: प्रत्येकाला त्याची स्वतःची एक मोजणी द्या, आणि ती बिघडली तर ते सगळ्यात आधी तुम्हालाच येऊन सांगतील असं वागा.

यातलं दुसरं जास्त अवघड आहे. एक प्रसंग सांगते. आमच्याकडे आलेल्या एका मुलीला मी बेरियम-137एम या किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा वेळ, काढायला दिलं होतं. नवख्यांसाठी हा प्रयोग फार चांगला. अर्धायुष्य अवघं 2.55 मिनिटांचं, त्यामुळे अर्ध्या तासात सगळा ऱ्हास डोळ्यांसमोर घडतो. तिचं उत्तर आलं 2.6. छान उत्तर, पण वहीतली शेवटची तीन रीडिंग पांढऱ्या शाईने झाकलेली होती. पान उजेडात धरलं तर खालचे आकडे दिसत होते. ते धरून आलेख काढला असता तर अर्धायुष्य तीन मिनिटांच्या वर गेलं असतं.

तिने बॅकग्राउंड वजा केलं नव्हतं, बाकी काही नाही. काउंटर, म्हणजे किरण मोजणारं यंत्र, सोर्स नसतानाही आजूबाजूच्या किरणांमुळे अधूनमधून मोजतच असतो; तेच बॅकग्राउंड. सोर्स जोरात असतो तोवर ते जाणवत नाही, पण तो विझत आला की उरते ती मुख्यतः ही बॅकग्राउंडचीच मोजणी. मग रेषा खाली उतरायची थांबते आणि अर्धायुष्य वाढल्यासारखं दिसतं. म्हणजे तिने झाकलेल्या तीन आकड्यांतच तिची चूक लिहिलेली होती. मी रागावले नाही, पण ती पांढरी शाई का नको हे बराच वेळ समजावलं. आज वहीतला आकडा झाकणारा माणूस उद्या हातमोज्याला किरणोत्सारी काही लागलं तर तेही झाकेल, आणि तोवर ते दाराच्या मुठीवर गेलेलं असेल. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पेनानेच लिहायचं, चुकलं तर एकच रेघ मारायची, आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला तारीख आणि सही. नियमासोबत मी त्यांना माझ्या जुन्या वह्याही दाखवते. त्यांत रेघा भरपूर आहेत, आणि मुलं त्या फार बारकाईने बघतात!

खरी मोजणी लवकर हातात का द्यावी, याचं माझं आवडतं उदाहरण अर्नेस्ट मार्सडेनचं. 1909 साली मँचेस्टरमध्ये तो वीस वर्षांचा होता, पदवीही व्हायची होती. या पोराला छोटं काहीतरी संशोधन द्यावं, असं तिथल्या संशोधक गायगरने प्रयोगशाळेचे प्रमुख रदरफर्ड यांना सुचवलं. रदरफर्ड म्हणाले, अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून वेगाने निघणारे कण, धातूच्या पत्र्यावर आदळून मोठ्या कोनातून वळतात का ते बघू दे. वळतील अशी त्यांना स्वतःलाही अपेक्षा नव्हती. अंधारात डोळे सरावेपर्यंत बसायचं आणि पडद्यावर उमटणाऱ्या बारीक चमका सूक्ष्मदर्शकातून एकेक करून मोजायच्या, असं ते काम. प्लॅटिनमच्या पत्र्यावर पडलेल्या सुमारे 8000 कणांपैकी एक मागे फिरत होता. त्यातून 1911 मध्ये रदरफर्डनी अणुकेंद्रकाची कल्पना मांडली. उत्तर आधीच ठाऊक नसलेला प्रश्न रदरफर्डनी एका विद्यार्थ्याच्या हाती दिला, हे मला फार मोलाचं वाटतं.

सुरक्षेबद्दल मुलांच्या घरच्यांशी स्वतः बोला, आणि आकड्यांत बोला. आंतरराष्ट्रीय मानकांत किरणोत्सारात काम करणाऱ्या प्रौढांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक) ही मर्यादा आहे, 16 ते 18 वयाच्या प्रशिक्षणार्थींसाठी 6, आणि 16 च्या खाली असं काम द्यायचंच नाही. आईवडिलांची भीती खोटी नसते, पण मर्यादा आणि मुलाच्या डोसिमीटरचं, म्हणजे मिळालेली मात्रा मोजणाऱ्या अंगावरच्या उपकरणाचं, रीडिंग शेजारी ठेवलं की बोलणं सोपं होतं.

आणि अणुविज्ञान म्हणजे फक्त अणुभट्टी, हा समज आधी काढून टाका. माझ्याकडून गेलेली एक मुलगी आता दवाखान्यातल्या स्कॅनसाठी लागणारं किरणोत्सारी फ्लोरिन-18 तयार करते. त्याचं अर्धायुष्य 110 मिनिटं, त्यामुळे सगळं काम घड्याळाशी शर्यत लावून चालतं. एक जण ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनवरून भूजलाचं वय काढतो. किरणांनी पिकांच्या नव्या जाती तयार करणारे, अणुसामग्रीची तपासणी करणारे, नियम लिहिणारे, या सगळ्यांचं मूळ शिक्षण हेच. मुलींना आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी शिष्यवृत्तीबद्दल जरूर सांगा. अणुविषयक मास्टर्स करणाऱ्या स्त्रियांसाठी ती 2020 मध्ये सुरू झाली.

सुरुवात कशी करायची? पहिल्या दिवशी सोर्स देऊच नका. नुसता काउंटर टेबलावर ठेवा आणि दहा-दहा मिनिटांची बॅकग्राउंड रीडिंग तासभर घ्यायला लावा. एकदा 96 येतील, मग 108, मग 91. कोणीतरी विचारेलच, काउंटर बिघडलाय का? लगेच उत्तर देऊ नका. सगळ्यांचे आकडे एकत्र मांडू द्या, आणि 100 च्या आसपासची मोजणी साधारण दहाने वरखाली का होते ते त्यांनाच शोधू द्या.