दाहशामक, सूजरोधक की शोथरोधी?

त्वचेवर लावायच्या पारंपरिक वनौषधींवरचे एक हिंदी टिपण इंदूरच्या एक वाचक भगिनी तेथील मराठी मंडळींसाठी मराठीत आणत आहेत. त्यातील 'सूजनरोधी यौगिक' यासाठी 'दाहशामक' लिहावे की 'सूजरोधक', असे त्यांनी विचारले आहे.

मी 'शोथरोधी संयुगे' असे लिहीन. कातडी लाल होणे, गरम लागणे, सुजणे आणि ठणकणे या चारही गोष्टी एकत्र दिसतात, तेव्हा त्या अवस्थेला एकच नाव हवे. 'दाह' आणि 'सूज' हे शब्द मात्र त्यांतले एकेकच लक्षण सांगतात. दिवसभर उभे राहून पावले सुजतात तिथे लाली नसते, आणि मिरच्या चिरून हातांची आग होते तिथे बहुधा सूज नसते. मराठी विश्वकोशात 'शोथ' म्हणजे 'दाहयुक्त सूज' असा खुलासा आढळतो, तो मला नेमका वाटतो.

चरकसंहितेतही हे दोन गुण वेगळे मोजले आहेत. सूत्रस्थानातील ५० महाकषायांत, म्हणजे गुणांनुसार केलेल्या औषधी द्रव्यांच्या गटांत, चंदन, वाळा, ज्येष्ठमध ही द्रव्ये दाहप्रशमन गटात येतात, तर दशमुळे श्वयथुहर, म्हणजे सूज घालवणाऱ्या गटात. तेव्हा चंदनाच्या लेपाला 'दाहशामक' खुशाल म्हणावे. पण मुका मार लागल्यावर सहाणेवर उगाळून, कोमट करून लावलेल्या आंबेहळदीला तो शब्द कसा शोभेल?

शिवाय टिपणाचा विषय संयुगे हा आहे, आणि त्यांचे काम गारवा देण्याचे नव्हे. सालईच्या डिंकातील बॉस्वेलिक आम्ले ५-लायपॉक्सिजिनेज या विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्यामुळे शोथ भडकवणारी ल्युकोट्राइन द्रव्ये कमी तयार होतात. ज्येष्ठमधापासून मिळणारे ग्लायसिऱ्हेटिनिक आम्ल आणखी आडवाटेने जाते: शरीरातले कॉर्टिसॉल निष्प्रभ करणाऱ्या विकरालाच ते रोखते, म्हणून शोथ आवरणारे ते संप्रेरक त्वचेत अधिक काळ टिकते. अशा ठिकाणी 'रोधी' हे पद अर्थाला धरून आहे. 'सूजरोधक' मात्र कानाला हिंदीची सावली वाटते. मराठीत सूज उतरते किंवा ओसरते.

'यौगिक' तर अजिबात ठेवू नये, कारण मराठी वाचकाला त्यातून योगासने आठवतील. पहिल्या उल्लेखात 'शोथ, म्हणजे दाहयुक्त सूज' असे लिहून पुढे नुसते 'शोथ' वापरावे. वापरण्याच्या सूचनांत मात्र 'सूज उतरेपर्यंत लेप लावावा' असेच साधे लिहावे.